बेस आयएसओ म्हणजे काय, आणि मुंबईच्या उजेडात तो कसा वापरायचा

नवा कॅमेरा हातात आला की पहिला सल्ला मिळतो तो बहुधा असा: "आयएसओ शंभरच ठेव, वाढवलास की फोटो फाटतो." सांगणारा चांगल्या मनानेच सांगत असतो. पण हा सल्ला मनात धरून कुणी पहाटे दादरच्या फूलबाजारात गेलं, की शटर १/१५ सेकंदावर येतं, हारवाल्यांचे हात धूसर होतात, चेहरे सरकतात. ग्रेन, म्हणजे फोटोतले खरखरीत दाणे, नाहीत, पण फोटोही नाही. ग्रेन घरी येऊन कमी करता येतात. हललेला चेहरा कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ववत करून देत नाही.

या भीतीचं मूळ एका गैरसमजात आहे. आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. हे एकदा नीट कळलं की बेस आयएसओ कशासाठी आहे, कधी त्यावर ठाम राहायचं आणि कधी तो बेधडक सोडायचा, हे आपोआप ठरवता येतं. म्हणून आधी थोडं आत डोकावू, मग घरच्या घरी तीन चाचण्या करू आणि मग कॅमेरा घेऊन बाहेर पडू.

सेन्सरच्या आत काय होतं

२४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. प्रत्येकात एक फोटोडायोड असतो. शटर उघडं असताना त्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पडतात आणि त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉन सुटे होऊन जमा होतात. शटर बंद झालं की जमलेल्या इलेक्ट्रॉनांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर होतं, ते व्होल्टेज वाढवलं जातं आणि शेवटी त्याचा आकडा होतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, या आकड्यासाठी १६,३८४ पायऱ्या असतात.

पडलेल्या फोटॉनांपैकी किती पकडले जातील, हे सेन्सर कारखान्यात तयार होतानाच ठरतं. आयएसओचं बटण तिथे पोचतच नाही. त्याचं काम नंतर सुरू होतं, इलेक्ट्रॉन मोजून त्यांचा आकडा करताना. गणपतीच्या मंडपात निवेदकाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तेव्हा आपण अ‍ॅम्प्लिफायर वाढवतो. निवेदक तेवढ्याच आवाजात बोलत असतो, स्पीकरमधला आवाज मात्र मोठा होतो आणि त्याबरोबर घरघरही मोठी होते. आयएसओ हा तो अ‍ॅम्प्लिफायर आहे.

मग बेस आयएसओ कुठला? पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात याला मर्यादा असते. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या, कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये ते साधारण काही दहा हजार असतात. पिक्सेल काठोकाठ भरला की त्याचा आकडाही वरच्या टोकाला पोचतो आणि तिथे पांढऱ्याखेरीज काही उरत नाही. ज्या आयएसओवर ही संपूर्ण क्षमता वापरली जाते, तो त्या कॅमेऱ्याचा बेस आयएसओ. त्यावर सर्वांत जास्त प्रकाश साठवता येतो, म्हणून सावलीपासून उन्हापर्यंतचा सर्वांत मोठा पल्ला, म्हणजे डायनॅमिक रेंज, तिथेच मिळतो. आयएसओ एक स्टॉप वाढवला, म्हणजे दुप्पट, १०० चा २०० केला, की पिक्सेल निम्मा भरतानाच आकडा टोकाला जातो. वरची अर्धी जागा वापरातून गेली. आणखी एक स्टॉप वाढवलात की उरलेल्याची पुन्हा अर्धी.

हा आकडा प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा असतो. निकॉन डी८५०, झेड७ आणि झेड८ यांचा ६४ आहे. सोनी आणि कॅननच्या बहुतेक फुल फ्रेम कॅमेऱ्यांचा १००. फुजीफिल्म एक्स-टी३ चा १६० आणि एक्स-टी५ चा १२५. ओएम-१ चा २००. निकॉनचे जुने डी७०० आणि डी९० हेही २०० चे होते. त्यामुळे "शंभर म्हणजे बेस" हे सर्वांना लागू नाही. एक्स-टी३ वाल्याने शंभर निवडला, तर तो बेसच्या खाली उतरलेला असतो, आणि त्यात तोटा आहे. तो पुढे चाचणीत दिसेलच.

आकडा आला कुठून

फिल्मच्या काळात संवेदनशीलता हा खरोखर फिल्मचा गुण होता. रसायनच वेगळं असायचं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. त्या वेळच्या ओल्या कोलोडियनच्या काचा इतक्या मंद असत की भर उन्हातही माणसाला काही सेकंद स्तब्ध बसावं लागे. आजच्या मापात त्यांचा आयएसओ एकच्या आसपास भरेल. पुढे अमेरिकेचा एएसए आणि जर्मनीचा डीआयएन अशी दोन मापं चालू राहिली. १९७४ पासून ती एकत्र करून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मापाखाली आणली गेली. त्या काळात रोल भरला की ३६ फोटो संपेपर्यंत तुम्ही त्याच आकड्याला बांधलेले असायचा.

डिजिटल कॅमेऱ्यांसाठी आयएसओ १२२३२ हे मानक १९९८ मध्ये आलं आणि २००६ मध्ये सुधारलं गेलं. सुधारित मानकात आकडा ठरवायच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. एका पद्धतीत जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, मध्यम राखाडी किती उजळ उमटते यावरून आकडा काढतात, तर दुसरीत योग्य एक्सपोजर कुठलं याचा निर्णय कंपनीवरच सोडलेला आहे. म्हणून दोन कंपन्यांचा आयएसओ १०० तंतोतंत सारखा नसतो. तसाच उजेड, तसंच शटर, तसंच अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) असूनही मित्राच्या कॅमेऱ्यात फोटो थोडा उजळ आला, तर तुमचा कॅमेरा बिघडलेला नाही. कॅमेऱ्यांची तुलना नुसत्या आकड्यावरून करू नका. कुठला कॅमेरा सर्वांत खाली जातो याची स्पर्धाही व्यर्थ आहे.

ग्रेन कुठून येतात

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि शिकवताना नेमका तोच गाळला जातो.

प्रकाश कणांनी येतो, आणि हे कण पावसाच्या थेंबांइतकेच अनियमित पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पकडले जात असतील, तर शेजारच्या तशाच पिक्सेलवर बरोबर तेवढेच पकडले जाणार नाहीत. फरक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे १०० चा. १०,००० मध्ये १०० इकडेतिकडे म्हणजे एक टक्का. डोळ्यांना ते दिसत नाही. आता अंधारात तिथे फक्त १०० फोटॉन पकडले गेले, तर फरक १० चा, म्हणजे दहा टक्के. तो ढळढळीत दिसतो. याला शॉट नॉइज म्हणतात. जगातला सर्वांत महाग कॅमेरासुद्धा तो टाळू शकत नाही, कारण तो कॅमेऱ्यात तयारच होत नाही, प्रकाशाबरोबर येतो.

म्हणजे जास्त आयएसओवर ग्रेन दिसतात ते आयएसओमुळे नव्हे, तर आपण कमी प्रकाश घेतला म्हणून. आयएसओने तो कमी प्रकाश उजळ करून समोर ठेवला, इतकंच. सेन्सर वाचताना सर्किटमधून येणारा नॉइज वेगळा असतो. त्याला रीड नॉइज म्हणतात, आणि गडद सावल्यांत तोही मिसळतो. गंमत अशी की बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ वाढवल्यावर हा रीड नॉइज उलट कमी होतो, कारण सिग्नल आधी वाढवून मग त्याचा आकडा केला जातो. तेव्हा अंधारात आयएसओ खाली ठेवून, काळा आलेला फोटो नंतर संगणकावर उजळवणं हे काटकसरीचं वाटलं तरी ग्रेनच्या बाबतीत त्यात फायदा नाही. कित्येक कॅमेऱ्यांत तर नुकसानच आहे.

सेन्सरचा आकारही इथेच महत्त्वाचा ठरतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्सचं सुमारे २२५. एकाच शटर-अ‍ॅपर्चरवर फुल फ्रेमला जवळजवळ चौपट प्रकाश मिळतो. म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर आयएसओ २०० ला जेवढा नॉइज दिसतो, साधारण तेवढाच फुल फ्रेमवर ८०० ला दिसतो. मोबाइलचा सेन्सर तर याहूनही कितीतरी लहान. मोबाइल रात्री बरे फोटो देतो, कारण तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो. शेवटी तीही जास्त प्रकाश गोळा करण्याचीच युक्ती आहे.

पहिली पायरी: आपल्या कॅमेऱ्याचा बेस शोधा

माहितीपुस्तिकेत आयएसओची श्रेणी दिलेली असते, उदाहरणार्थ "१०० ते ५१२००, विस्तारित ५० ते २०४८००". विस्तार वगळला की उरलेल्या श्रेणीतला सर्वांत खालचा आकडा हा साध्या फोटोंसाठी बेस समजा. मेनूमध्ये विस्तारित आकडे वेगळे ओळखू येतात. निकॉन त्यांना "लो" आणि "हाय" म्हणतं, कॅनन आणि फुजीफिल्म "एल" आणि "एच" लावतात, सोनी आकड्याच्या वर-खाली आडव्या रेषा दाखवतं.

आकडा बेसपर्यंत उतरतच नसेल, तर घाबरू नका. मेनूतली एखादी सोय चालू असेल. कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी सुरू असेल तर आयएसओ २०० च्या खाली जात नाही. फुजीफिल्ममध्ये डीआर२०० निवडलं की किमान आयएसओ बेसच्या दुप्पट होतो आणि डीआर४०० ला चौपट. या सोयी मुद्दाम कमी प्रकाश घेतात, म्हणजे उजळ भाग वाचतो, आणि मग सावल्या वर उचलतात. जेपेगमध्ये काम करणाऱ्याला त्या उपयोगी आहेत. रॉमध्ये काम करणार असाल तर बंद ठेवा आणि तो निर्णय स्वतः घ्या.

दुसरी पायरी: घरच्या तीन चाचण्या

तिन्ही चाचण्या रॉमध्ये आणि मॅन्युअल मोडवर करायच्या. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत रचून त्यावर कॅमेरा ठेवला तरी चालतो. फक्त तो हलता कामा नये.

पहिली चाचणी बेसच्या खालच्या आकड्याची. दुपारी खिडकीसमोर कॅमेरा ठेवा. चौकटीत ग्रिल, त्यावर वाळत घातलेला पांढरा टॉवेल आणि मागचं आकाश येऊ दे. बेस आयएसओवर शटर असं लावा की आकाश आणि टॉवेलचा उन्हातला भाग नुकताच पूर्ण पांढरा होईल. आता शटर आणि अ‍ॅपर्चरला हात न लावता आयएसओ ५० किंवा "लो" वर आणून दुसरा फोटो घ्या. संगणकावर दोन्ही रॉ उघडा. दुसरा फोटो गडद दिसेल, पण त्यातल्या टॉवेलचे धागे परत आलेले नसतील. पहिल्या फोटोत जिथे तपशील उडाला, तिथेच दुसऱ्यातही उडालेला असेल, कारण पिक्सेल तितकेच भरले होते. कॅमेऱ्याने फक्त आकडे खाली ओढले.

ही चाचणी प्रत्येकाने एकदा तरी करावी असा माझा आग्रह आहे. "५० वर जास्त स्वच्छ येतं" हे म्हणणं अर्धसत्य आहे. ५० वर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर तुम्हाला एक स्टॉप जास्त प्रकाश घ्यायला लावतो, म्हणून सावल्या स्वच्छ दिसतात. पण त्याबदल्यात वरचा एक स्टॉप गेलेला असतो. समुद्रावरचे ढग, नववारीची जर, देवाचा मुकुट, असं काही चौकटीत असेल तर तो सौदा महागात पडतो.

दुसरी चाचणी स्वतःची सहनशक्ती ओळखण्याची. रात्री घरातल्या नेहमीच्या दिव्यात टेबलावर काहीतरी बारीक पोत असलेलं मांडा: वर्तमानपत्र, धान्याची वाटी, एखादं गडद कापड. अ‍ॅपर्चर एफ/४ वर कायम ठेवा (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). समजा आयएसओ १०० ला शटर १/४ सेकंद बसलं, तर आयएसओ दुप्पट आणि शटर वेळ निम्मा करत जा: २०० ला १/८, ४०० ला १/१५, असं करत ६४०० ला १/२५० पर्यंत. सगळे फोटो सारखेच उजळ येतील, पण प्रकाश दर वेळी निम्मा झालेला असेल. आता हे फोटो शंभर टक्के मोठे करून बघा, आणि मग पडद्याभर मावतील इतके लहान करूनही बघा. शंभर टक्क्यांवर ३२०० खराब वाटेल. पडद्याभर बघताना तो बहुधा चालून जाईल. ज्या आकाराला तुमचे फोटो लोक प्रत्यक्ष बघणार आहेत, त्या आकाराला जो आकडा चालतो, ती तुमची वरची मर्यादा. ती वहीत लिहून ठेवा.

या चाचणीत जलद शटरवर आडवे पट्टे दिसले तर तो आयएसओचा दोष नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वर पट्टे नाहीसे होतात. लोकलच्या डब्यात किंवा नाट्यगृहाच्या आवारात फोटो काढताना हे आकडे लक्षात ठेवा.

तिसरी चाचणी थोडी पुढची. तीच मांडणी ठेवून एफ/४ आणि १/६० कायम करा. एक फोटो आयएसओ १६०० ला घ्या, तो योग्य येईल. दुसरा बेसवर, १०० ला घ्या. तो जवळजवळ काळा येईल. संगणकावर दुसरा चार स्टॉप उजळवा आणि दोघांच्या सावल्या शेजारी ठेवून बघा. फारसा फरक नसेल तर तुमचा कॅमेरा बराचसा आयएसओ-इनव्हेरिअंट आहे. म्हणजे उजेड वाढवायचं काम कॅमेऱ्यात झालं काय किंवा नंतर झालं काय, सारखंच. उजळवलेल्या फोटोत पट्टे आणि रंगीत डाग उमटले, जसे कॅनन ५डी मार्क ३ सारख्या जुन्या कॅमेऱ्यांत उमटतात, तर तुमच्या कॅमेऱ्याला आयएसओ फोटो काढतानाच वाढवून हवा आहे.

अलीकडच्या बऱ्याच सेन्सरमध्ये एक दुसरी पायरीही असते. विशिष्ट आयएसओनंतर पिक्सेलचं सर्किट बदलतं, दर इलेक्ट्रॉनमागे जास्त व्होल्टेज मिळतं आणि रीड नॉइज एकदम खाली येतो. सोनी ए७ थ्रीमध्ये ही पायरी ६४० ला आहे. त्यामुळे तिथे ५०० पेक्षा ६४० वर सावल्या थोड्या स्वच्छ मिळतात. हा कॅमेरा वापरणाऱ्याने ५०० ला अडून बसण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: बाहेर पडा

बाहेर क्रम एकच ठेवा. आधी विषयाला किती जलद शटर हवं ते ठरवा, मग अ‍ॅपर्चर किती उघडता येईल ते बघा, आणि उरलेली तूट आयएसओने भरा. आयएसओ शेवटी येतो, पण आला की त्याला घाबरायचं नाही.

मार्च-एप्रिलच्या दुपारी गेटवेसमोर उभे असाल तर प्रश्नच नाही. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना हिशेब अजूनही बरोबर बसतो. तोच एफ/८ ला १/४०० होतो. बेसवर राहा आणि लक्ष सगळं हिस्टोग्रॅमच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या टोकावर ठेवा. रॉ घेत असाल तर आलेख उजवीकडे टेकेल, पण आपटणार नाही, इतका प्रकाश घ्या. पिक्सेल जितका भरेल तितकी सावली स्वच्छ. कॅमेऱ्याचा हिस्टोग्रॅम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये त्याहून थोडी जागा शिल्लक असते. ती किती, हे खिडकीच्या चाचणीत शटर थोडं थोडं बदलून कळेल.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. आभाळ गच्च भरलं की उन्हाच्या तुलनेत सहज अडीच-तीन स्टॉप उजेड जातो. वरळी सी फेसवर भरतीची लाट कठड्यावर फुटतेय असं समजा. एफ/८ आणि आयएसओ १०० ला मीटर १/६० दाखवतोय. त्यात तुषारांचा नुसता धूर येईल. थेंब हवेत गोठवायचे तर १/१००० हवं, म्हणजे चार स्टॉपची तूट. सरळ आयएसओ १६०० करता येईल. पण आधी अ‍ॅपर्चर एफ/४ ला उघडलंत तर दोन स्टॉप तिथेच मिळतात आणि आयएसओ ४०० वर भागतं. लाट दूर असताना एफ/४ वर फोकसची खोली कमी झाली तरी काही बिघडत नाही. नवख्या माणसाने हा हिशेब बोटांवर करायला शिकावं. कॅमेरा आपोआप करून देतो ते निराळं, पण तो का करतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे.

शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात तेव्हा टेलिफोटो एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही आणि उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० लागतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिथे आयएसओ ८०० सहज लागतो. लावा. पिसांची कड धारदार आली तर ८०० चे ग्रेन कुणाला दिसणारही नाहीत.

खरी परीक्षा विसर्जनाच्या रात्री, गिरगाव चौपाटीवर. गर्दी हलतेय, गुलाल उडतोय, फ्लडलाइट एका बाजूने आणि मूर्तीवर रोषणाई दुसऱ्या बाजूने. एफ/२.८ आणि १/२५० धरलं तर आयएसओ ३२०० च्या आसपास जावं लागतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स एफ/५.६ ला अडते आणि तोच फोटो १२८०० मागतो. अशा वेळी लोक कॅमेरा बदलायचा विचार करतात. माझं स्पष्ट मत असं, की आधी ५० मिमी एफ/१.८ ची स्वस्त प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या. एफ/५.६ पासून एफ/१.८ पर्यंत सव्वातीन स्टॉप मिळतात, म्हणजे १२८०० चं काम साधारण १२५० वर येतं. इतकी उडी नवा कॅमेरा घेऊन मिळत नाही.

चौपाटीवर दुसरी काळजी उजळ भागाची. ३२०० ला बेसपेक्षा पाच स्टॉप वरची जागा गेलेली असते, म्हणून दिव्यांच्या माळा आणि सोन्याचे दागिने लगेच पांढरे होतात. त्यात गुलाल आणि पिवळे दिवे यांच्यामुळे लाल चॅनल सर्वांत आधी भरतो, आणि साध्या हिस्टोग्रॅमवर ते कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्रॅम चालू करा आणि लाल आपटायला लागला की एक्सपोजर थोडं खाली आणा. आयएसओ-इनव्हेरिअंट कॅमेरा असेल तर ३२०० ऐवजी १६०० किंवा ८०० ठेवून, शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून, चेहरे नंतर उजळवणं इथे खरोखर फायद्याचं ठरतं. ग्रेन तेवढेच राहतात आणि मुकुटाचं सोनं वाचतं. तिसरी चाचणी का करायची, त्याचं उत्तर हे.

मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची ओळ मात्र शांतपणे काढायची गोष्ट आहे. तिथे काही हलत नाही, आणि गाड्यांच्या रेषा आपल्याला हव्याच असतात. म्हणून थेट बेस, एफ/८ आणि ८ सेकंदांपासून सुरुवात करा. कॅमेरा कठड्यावर बॅगेच्या आधाराने ठेवता येतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. ऑटो आयएसओ बंद आहे ना, हे आधी बघा. तो चालू राहिला तर काही मोडमध्ये कॅमेरा हातात धरला असल्याच्या समजुतीने आयएसओ ६४०० करून मोकळा होतो, आणि ट्रायपॉडचा सगळा फायदा वाया जातो. अर्ध्या मिनिटाहून लांब एक्सपोजर घेणार असाल तर सेन्सर तापल्याने ठिपके उमटू शकतात, मे महिन्याच्या उकाड्यात जास्तच. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केलं की कॅमेरा तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्यातले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. तेवढा वेळ थांबावं लागतं.

बाकी रोजच्या भटकंतीसाठी ऑटो आयएसओ उत्तम आहे. किमान आकडा तुमचा बेस ठेवा, कमाल म्हणजे दुसऱ्या चाचणीत वहीत लिहिलेला आकडा, आणि किमान शटर माणसांसाठी १/२५०. एवढं लावलंत की लक्ष रस्त्यावर ठेवता येतं.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी

अंधेरी-गोरेगावच्या शूटिंगवर हाताखाली काम करायला गेलात की "ह्या कॅमेऱ्याचा नेटिव्ह आठशे आहे" असं ऐकू येतं आणि गोंधळ उडतो. फोटोला १०० असलेला सेन्सर व्हिडिओला ८०० कसा? सेन्सर तोच आहे. लॉग प्रोफाइल ही व्हिडिओतला उजेड साठवायची वेगळी मांडणी आहे; तिच्यात मध्यम राखाडी मुद्दाम खाली ठेवली जाते, म्हणजे उजळ भागाला वर जास्त जागा राहते. त्या मांडणीला जो आकडा लागू पडतो तो ८००. एरी अलेक्सा या सिनेमा कॅमेऱ्याचा ८०० याच अर्थाने आहे. सोनी ए७एस थ्रीला फोटोत ८० आहे, पण एस-लॉग३ मध्ये ६४०, आणि दुसरी पायरी १२८०० ला. रात्रीच्या दृश्याला अशा कॅमेऱ्यावर ६४०० ऐवजी १२८०० वापरतात ते याच कारणाने.

या ८०० ची किंमत दिवसा मोजावी लागते. एफ/२.८, १/५० आणि आयएसओ ८०० घेऊन भर उन्हात उभे राहिलात तर प्रकाश नऊ स्टॉप जास्त होतो, म्हणजे ५१२ पट. तिथे लेन्सवर लावायच्या, प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरला पर्याय नाही. आयएसओ खाली ओढून लॉग चित्रित केलंत तर खिडकीतल्या टॉवेलचं जे झालं, तेच आकाशाचं होईल.

जुना कॅमेरा घेताना

फोर्टात बोरा बाजारात वापरलेला कॅमेरा बघायला गेलात तर खिशात स्वतःचं मेमरी कार्ड ठेवा. लेन्सवर झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, बेस आयएसओवर १/६० ला एक आणि १० सेकंदांचा एक, आणि मग ३२०० ला १/६० चा एक, असे तीन काळे फोटो रॉमध्ये घ्या आणि घरी किंवा दुकानातल्याच लॅपटॉपवर उजळवून बघा. १० सेकंदांच्या फोटोत मोजके रंगीत ठिपके कुठल्याही सेन्सरवर येतात. १/६० च्या, बेसवरच्या फोटोतही ते त्याच जागी चमकत असतील तर ते पिक्सेल कायमचे गेलेले आहेत. पुष्कळ कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगची, म्हणजे बिघडलेले पिक्सेल वगळण्याची, सोय मेनूतच असते. ती दुकानदारासमोर चालवा, पुन्हा तीन फोटो घ्या, आणि ठिपके गेले तरच भावाचं बोलणं सुरू करा.